छाट

पाणी येणार म्हणून जागा आहे.
आमच्याकडे ते पाचव्या दिवशी येतं, रात्री,
दोनला म्हणतात, येतं साडेतीनला.
लिहायला म्हणून मी कधीच उठलो नाही,
एवढं कबूल करतो.
बादल्या लावून बसावं लागलं नसतं
तर माझी एकही गोष्ट पुरी झाली नसती.

दिवसा मी टॉवेल तपासतो,
अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत.
तुटका धागा, तेलाचा डाग, वाकडा काठ,
बोट फिरवलं की कळतं.
स्वतःच्या वाक्यावर असं बोट फिरत नाही.
रात्री जरीकाठी वाटलेलं
सकाळी चहाबरोबर वाचलं
की फडकं.

पहिली गोष्ट पुण्याला पाठवायची होती.
गुरुसिद्ध म्हमाणे झेरॉक्स काढता काढता वाचत होते.
"शेवटी ती बाई जाते कुठं ओ?"
मला माहीत नव्हतं.
"मग लिवलं कशाला?" म्हणाले,
आणि चौदा पानांचे तेरा रुपये घेतले.
तो सुटलेला एक रुपया
मी अजून मानधनात धरतो.

गोष्ट परत आली.
दुसरीही आली.
तिसरी आलीच नाही,
म्हणून चार महिने मी खुशीत होतो.
नवी पेठेत शर्ट शिवायला टाकला,
सत्काराला लागेल म्हणून.
चुलतभावाच्या हळदीत त्याची वाट लागली.

घरात आम्ही तेलुगू बोलतो,
गल्लीत कन्नड चालतं, भांडण हिंदीत,
आणि मी लिहितो मराठीत,
हे अम्माला अजून पटलेलं नाही.
"तिकडं कोण ओळखतं रा तुला?"
सुपावरची नजर न काढता विचारते.
दिवसाला हजार विड्या.
कारखान्यात चेकर सूप उपडं करतो,
शंभर-दीडशे बाजूला फेकतो. छाट.
छाटेला पैसे नाहीत,
पाला-तंबाखू मात्र तिच्या खात्यावर.
बेचाळीस वर्षं.
घरी येऊन चेकरला ती शिवी देते, एकच,
मग उद्याचा पाला भिजत घालते.

मी एका साभार परतीवर
तीन आठवडे कुणाशी बोलत नाही.

मागच्या एप्रिलात तर सोडलंच होतं.
त्रेचाळीस डिग्री, पत्रा तापलेला,
वह्या पोत्यात भरून भंगारात नेल्या.
तो म्हणाला, लिहिलेल्याला भाव कमी,
कोऱ्या असत्या तर बघितलं असतं.
पोतं खांद्यावर मारून परत आलो.
जिद्द वगैरे काही नाही.
राग आला होता.

दिवाळीत एक छापून आली.
नाव चुकवलं, येमूलचं मुमूल केलं.
तरी तळ्याच्या कठड्यावर बसून
अंक तीनदा वाचला, पतसंस्थांच्या जाहिरातींसकट.
शेंगावाल्या पोराला दाखवला.
"मागची पानं फाडू का? पुड्या संपल्यात."

म्हमाणेंनी चष्मा पुसून वाचली.
"बरी हाय. पण ती पहिली बाई?"

अम्मानं अंक हातावर तोलला,
पाल्याचा पुडा तोलतात तसा.
"यात तुझं कुठलं?"
मी पान काढून दिलं.
तिला वाचता येत नाही.
जर्द्यानं पिवळा पडलेला अंगठा
तिनं ओळींवरून सावकाश फिरवला,
दोनदा एका जागी थांबली, का कोण जाणे.
मी नंतर तिथं पाहिलं. तिथं खरंच एक शब्द जास्तीचा होता.
"आतापर्यंत छाट किती गेली?"
"अकरा."
"हजारात?"

नळ खोकतोय.
आधी हवा येते, मग गढूळ,
शेजारच्या कोंड्याल मावशीनं मोटर लावली
तर तेवढंही नाही.
ती बाई बसस्टँडवर उभी आहे,
हातात पिशवी, गाडीची पाटी वाचता येत नाही तिला,
कुणाला विचारावं तर कुठल्या भाषेत.
हे आत्ता सुचलं.
लिहितो.
पिंप भरू दे आधी.